वंशावळीतील एक रेघ

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात चित्रपटदर्शनानंतर केलेले भाषण)



आताच पडद्यावर आपण जो अनुबोधपट पाहिला त्याविषयी चार शब्द बोलावे अशी आज्ञा कार्यकारिणीने आम्हांस केली आहे. चित्रपट इंग्रजी, आणि आमचे इंग्रजी मॅट्रिकपुरते. तेही पुढे खडूच्या धुळीत मळून गेलेले. म्हणून आठ दिवसांपूर्वी आम्ही तो घरीच, नातीकडून अर्थ विचारीत, थांबवून थांबवून पाहिला. आमची थोरली बहीण, जिला आम्ही अक्का म्हणतो, तीही सोबत होती. आज जे बोलणार आहोत त्यातील अर्धे अक्कानेच सुचविले आहे, हे प्रारंभीच कबूल करतो.

‘ही नेम्ड मी मलाला’, म्हणजे ‘त्यांनी माझे नाव मलाला ठेवले’, हा चित्रपट २०१५ साली प्रदर्शित झाला. दिग्दर्शक डेव्हिस गुगेनहाइम हे अमेरिकन गृहस्थ. चित्रपटाची नायिका मलाला युसुफझाई हिचा जन्म १२ जुलै १९९७ रोजी पाकिस्तानातील स्वात खोऱ्यात मिंगोरा या गावी झाला. तिचे वडील झियाउद्दीन शिक्षक; त्यांनी स्वतःची शाळा काढली व नेटाने चालविली. त्या खोऱ्यात तालिबानांचा अंमल वाढला, रेडिओवरून रोज रात्री धमक्या ऐकू येऊ लागल्या, शेकडो शाळांच्या इमारती उद्ध्वस्त झाल्या, आणि १५ जानेवारी २००९ पासून मुलींनी शाळेत जाऊ नये असे फर्मान निघाले. त्या वेळी अकरा वर्षांची ही मुलगी ‘गुल मकई’ या टोपणनावाने बीबीसीच्या उर्दू विभागासाठी दैनंदिनी लिहीत होती. पुढे ती उघडपणे बोलू लागली. ९ ऑक्टोबर २०१२ रोजी शाळेच्या गाडीत शिरून एका बंदूकधाऱ्याने ‘मलाला कोण?’ असे विचारले व गोळ्या झाडल्या. तिच्याबरोबर आणखी दोन मुली जखमी झाल्या. पेशावर, रावळपिंडी आणि अखेर इंग्लंडातील बर्मिंगहॅम येथे उपचार होऊन ती वाचली. २०१४ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, आपल्या कैलाश सत्यार्थी यांजबरोबर तिला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. एवढे वृत्तपत्रांतून आपणांस ठाऊक आहेच.

चित्रपटात गुण पुष्कळ आहेत. जगभर नावाजलेली ही मुलगी घरी धाकट्या भावांशी पंजा लढविते, परीक्षेतील गुणांची चिंता वाहते, हे पाहून आमच्या नातीस मोठाच दिलासा मिळाला. जुने प्रसंग जेथे चित्रांतून रंगविले आहेत तेथे तर दृष्टी ठरत नाही. दोषही आहेत. कथा काळात इतकी मागेपुढे धावते की आमच्यासारख्याला कोणते वर्ष चालले आहे हेच कळेनासे होते. आणि जेथे नुसती शांतता पुरली असती तेथेही संगीत वाजत राहते.

परंतु खरा दोष दाखविला तो अक्काने. अर्धा चित्रपट झाला तशी ती म्हणाली, “बाप दिसतो, भाऊ दिसतात, हिची आई दिसत नाही ती?”

आई आहे, पण क्षणभर येते आणि दिसेनाशी होते. नावातच ‘त्यांनी’ आहे ना! मलालाचे आत्मचरित्र २०१३ साली निघाले आहे. त्यात या आईची, तोर पेकाईची, हकीकत आहे. ती लहानपणी शाळेत गेली होती. पण बरोबरच्या बहिणी घरी खेळत राहतात आणि आपण एकटीच शाळेत, हे पाहून तिने पुस्तके विकली आणि त्या पैशांच्या गोळ्या घेऊन खाल्ल्या. कोणी रागावले नाही, कोणी परत पाठविले नाही. त्या घरात तो तोटा कोणास वाटलाच नाही! आणि योगायोग असा की, ज्या दिवशी मुलीवर गोळी झाडली गेली त्याच दिवशी ही माउली लिहिणे-वाचणे शिकण्यासाठी पहिल्याच धड्याला शाळेत आली होती. हा प्रसंग पडद्यावर यावयास हवा होता असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता नावाविषयी. १८८० च्या जुलै महिन्यात कंदाहारजवळ मैवंद येथे अफगाण व इंग्रज यांची लढाई झाली. अफगाणांचे पाऊल मागे पडू लागले तेव्हा मलालाई नावाच्या तरुणीने त्यांना धीर दिला आणि ती रणांगणावरच पडली, अशी आख्यायिका आहे. तिचे नाव झियाउद्दीन यांनी कन्येस दिले. आजोबांना ते रुचले नाही; कारण त्याचा अर्थ ‘दुःखाने व्यापलेली’ असा होतो. पुढे जे घडले ते पाहता, बापाने मुलीला या अग्नीत लोटले काय, हा प्रश्न अनेकांनी विचारला. आम्ही शिक्षक होतो. तो आम्हांसही पडला. वर्गातील एखाद्या मुलीस गावाविरुद्ध उभे राहा असे सांगण्याचा धीर आम्हांस झाला असता काय? झाला नसता. झियाउद्दीन यांनाही ही टोचणी होती. माझे काही चुकले काय, असे त्यांनी पत्नीसच विचारले आणि तिने नाही म्हणून सांगितले. स्वतः मलाला चित्रपटात म्हणते ते असे की, वडिलांनी केवळ नाव दिले. वाट आपली आपण निवडली.

या मैवंदाचीच पुढची गोष्ट अशी की, २०२१ साली तालिबानांनी अफगाणिस्तानात पुन्हा सत्ता घेतली आणि सहावीपुढील मुलींच्या शाळांस टाळे लावले. जिच्या नावावरून हे नाव आले तिच्याच गावच्या मुली.

असो. ज्यासाठी आम्ही आज उभे राहिलो तो प्रसंग निराळा आहे. झियाउद्दीन यांनी तो अनेक ठिकाणी सांगितला आहे. मलाला जन्मली तेव्हा एका चुलतभावाने कुळाची वंशावळ आणली. तीनशे वर्षांची वंशावळ, आणि तीत सारी नावे पुरुषांची. झियाउद्दीन यांना पाच बहिणी. एकीचेही नाव नाही. त्यांनी लेखणी घेतली, आपल्या नावापासून खाली एक रेघ ओढली आणि तिच्या टोकाशी ‘मलाला’ असे लिहिले.

येथे आम्ही चित्रपट थांबविला. कारण मागील स्मरणिकेत आमच्या कुळाची जी वंशावळ छापली आहे ती आम्हीच सिद्ध केली आहे. दोन वर्षे खपून, बखरी व सातबारे चाळून, नऊ पिढ्यांची एकशे त्रेचाळीस नावे आम्ही जुळविली. आपण सर्वांनी त्या वेळी आम्हांस शाल-श्रीफळ दिले. त्या एकशे त्रेचाळिसांत स्त्रीचे नाव एक नाही. सुना नाहीत, लेकी नाहीत. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आपल्याकडे आत्याचा. आमच्या तिन्ही मुलांची नावे अक्काने ठेविली. ती तिन्ही मुलगेच असल्यामुळे तिने ठेविलेली नावे वंशावळीत आहेत; ठेवणारी नाही.

कार्यकारिणीपुढे हा विषय निघाला तेव्हा एक आक्षेप असा आला की, कन्या परगोत्रात जाते, तिचे नाव सासरच्या वंशावळीत यावे. आक्षेप शास्त्राला धरून आहे. म्हणून आम्ही अक्काच्या सासरची वंशावळ मागवून पाहिली. तीत तिचे यजमान आहेत, दोन पुत्र आहेत. ती तेथेही नाही. दुसरा आक्षेप कागदाच्या खर्चाचा. तो आम्ही मानतो. नावे दुप्पट झाली तर पाने वाढतील. कोषाध्यक्षांशी बोललो आहोत. आमच्या कुळाच्या वाढीव पानांचा भार आम्ही उचलू, इतर कुळांनी आपापला पाहावा.

अक्काचे नाव लिहावयास बसलो तो तिचे जन्मसाल तिलाही सांगता येईना. तेव्हा आमच्या गावच्या शाळेत जाऊन जुने जनरल रजिस्टर काढविले. आयुष्यभर अशी रजिस्टरे आम्ही स्वतः भरली; तरी ते पान उघडताना हात कापला. जन्म १९५३. चौथी उत्तीर्ण. शाळा सोडल्याची तारीख जून १९६३. कारणाच्या रकान्यात एका ओळीत लिहिले आहे : ‘घरी लहान भावास सांभाळण्यासाठी.’

तो भाऊ त्या वेळी दोन वर्षांचा होता आणि आता आपल्यापुढे भाषण करीत आहे.

घरी येऊन अक्काला ते वाचून दाखविले. ती म्हणाली, “चौथी उत्तीर्ण असे लिहिले आहे ना? मग तेवढे वंशावळीत घाल.” एकशे त्रेचाळीस पुरुषांपैकी कोणाच्याही नावापुढे आम्ही इयत्ता लिहिलेली नाही. अक्काच्या नावापुढे लिहिली आहे.

नवीन आवृत्तीचे नमुने दाराजवळच्या टेबलावर ठेविले आहेत. प्रत्येक घराने जाताना एक न्यावा. कन्या, बहिणी, आत्या, सुना, आजी, जेवढ्या आठवतील तेवढ्यांची नावे लिहावी. माहेरचे नाव वेगळे असेल तर तेही लिहावे. जन्मसाल ठाऊक नसेल तर ती जागा कोरी ठेवावी, आम्ही शाळेत जाऊन पाहू. भरलेले नमुने दिवाळीपूर्वी आमच्याकडे किंवा चिटणीसांकडे पोचते करावे.