पाण्याखालचे आरमार

बारडोलीचे नाव महाराष्ट्रातील वाचकाला ठाऊक आहे, ते १९२८ सालच्या शेतकऱ्यांच्या सत्याग्रहामुळे. सारावाढीविरुद्धच्या त्या लढ्याने वल्लभभाई पटेलांना ‘सरदार’ ही पदवी मिळवून दिली. सुरत जिल्ह्यातील हा तालुका काळ्या जमिनीचा आणि उसाच्या मळ्यांचा. येथील शेतकऱ्याला आरमाराशी काय कर्तव्य, असे प्रथमदर्शनी वाटेल. परंतु तापी जेथे सागराला मिळते, तेथील हजिरा बंदराकडे दृष्टी टाकली म्हणजे हा संबंध उमगतो. शेताला लागणारा युरिया नैसर्गिक वायूपासून बनतो. हजिऱ्यात त्याचा मोठा कारखाना आहे, आणि परदेशाहून जहाजाने येणारा द्रवरूप वायू उतरवून घेण्याची सोयही तेथेच आहे. वजनाने पाहिले तर भारताच्या परदेशी व्यापारापैकी सुमारे ९५ टक्के माल समुद्रावरून येतो-जातो. ही वाट कोणी अडविली, तर तिचा चटका बंदरापासून दूर असलेल्या बांधावरही बसल्यावाचून राहणार नाही.

वाट अडविण्याचे सर्वांत भयंकर साधन म्हणजे पाणबुडी. पहिल्या महायुद्धात २२ सप्टेंबर १९१४ रोजी एका जर्मन पाणबुडीने दीड तासाच्या आत तीन ब्रिटिश क्रूझर बुडविल्या आणि सुमारे १,४५० माणसे प्राणास मुकली. त्या सकाळपासून मोठ्या जहाजांचा दरारा ओसरला. पुढे दोन्ही महायुद्धांत जर्मनीने पाणबुड्यांच्या जोरावर इंग्लंडचे अन्नधान्य तोडण्याचा प्रयत्न केला. तो फसला खरा. पण त्याची किंमत दोन्ही बाजूंनी मोजली. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांवर गेलेल्या दर चार खलाशांपैकी सुमारे तीन परत आले नाहीत.

या यंत्राचे मर्म समजण्यास अवघड नाही. पाणबुडीच्या अंगात मोठ्या टाक्या असतात. त्यांत समुद्राचे पाणी घेतले की ती जड होऊन बुडते. दाबाखालील हवेने ते पाणी बाहेर लोटले की वर येते. डिझेल इंजिनाला हवा लागते. म्हणून पाण्याखाली ती विद्युत्‌घटांवर चालते. घट रिते होत आले की तिला पृष्ठभागाजवळ येऊन नळीवाटे हवा घ्यावी लागते, आणि हीच तिची सर्वांत धोक्याची वेळ. अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुडीला हे बंधन नाही. माणसांचे अन्न पुरेल तितके दिवस ती खोल पाण्यात राहू शकते.

तिला शोधणेही तितकेच कठीण. रडारच्या लहरी खाऱ्या पाण्यात शिरत नाहीत. ध्वनी मात्र हवेपेक्षा चौपट वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो. म्हणून समुद्रातील सारी शोधाशोध कानांनी करावी लागते. पण पाण्याचे थर कमीअधिक उबदार असले की ध्वनीचा मार्ग वाकतो, आणि उष्ण कटिबंधातील समुद्रात पाणबुडीला या थरांआड दडून राहता येते.

याचा दारुण अनुभव भारताला गुजरातच्याच किनाऱ्याजवळ आला. १९७१ च्या युद्धात ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीच्या शोधार्थ ‘खुकरी’ आणि ‘किरपाण’ ही फ्रिगेटे दीवच्या समुद्रात निघाली. ९ डिसेंबरच्या रात्री हंगोरचा पाणतीर खुकरीवर आदळला आणि काही मिनिटांतच ती बुडाली. १८ अधिकारी व १७६ खलाशी तिच्याबरोबर गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडले नाही. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र देण्यात आले. याच युद्धाच्या आरंभी विशाखापट्टणमजवळ पाकिस्तानची ‘गाझी’ ही पाणबुडी ९० हून अधिक माणसांसह तळाशी गेली होती. ज्यांचे पुत्र आणि पती समुद्राने नेले, त्यांचे दुःख दोन्ही किनाऱ्यांवर एकाच जातीचे होते.

भारताची पहिली पाणबुडी ‘कलवरी’ ८ डिसेंबर १९६७ रोजी सोव्हिएत संघातील रीगा येथे नौदलात दाखल झाली. पुढे मुंबईच्या माझगाव गोदीत पाणबुड्या बांधण्याची विद्या रुजली. जर्मन आराखड्याची ‘शाल्की’ तेथून १९९२ साली बाहेर पडली. त्यानंतर फ्रेंच आराखड्यावर सहा पाणबुड्या तेथेच बांधण्यात आल्या. नवी ‘कलवरी’ २०१७ साली, तर सहावी ‘वागशीर’ जानेवारी २०२५ मध्ये नौदलात आली. हवेवाचून वीज निर्माण करून पाण्याखालचा मुक्काम वाढविणाऱ्या यंत्रणेची जमिनीवरील चाचणी अंबरनाथच्या प्रयोगशाळेने २०२१ साली यशस्वी केली.

या सहांपैकी ‘खांदेरी’ हे नाव मराठी माणसाला विशेष जवळचे. १६७९ साली शिवाजी महाराजांनी मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर तटबंदी उभारण्यास प्रारंभ केला. तेव्हा मुंबईचे इंग्रज सुरतेच्या वखारीच्या आज्ञेत वागत. त्यांनी बेटाला वेढा घालण्यासाठी मोठी जहाजे धाडली. मायनाक भंडारी आणि दौलतखान यांच्या हाताखालची मराठ्यांची लहान, चपळ गलबते मात्र रात्रीच्या अंधारात त्या जहाजांच्या मधून निसटून बेटावर रसद पोहोचवीत राहिली. अखेर इंग्रजांना माघार घ्यावी लागली. दुर्बळाने बलाढ्याला दृष्टीआड राहून जेरीस आणावयाचे, हेच पाणबुडीचेही तत्त्व होय.

आज अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुड्या स्वतः चालविणारी सहाच राष्ट्रे आहेत : अमेरिका, रशिया, ब्रिटन, फ्रान्स, चीन आणि भारत. शेजारचा पाकिस्तान चीनकडून आठ डिझेल-विजेच्या पाणबुड्या घेत आहे, आणि त्यांच्या वर्गाला त्याने नाव दिले आहे ‘हंगोर’. भारताची ‘अरिहंत’ विशाखापट्टणमला २००९ साली पाण्यात उतरली आणि २०१६ साली नौदलात आली. तिच्या पोलादी कवचाचे भाग मात्र घडले ते सुरतेजवळ, हजिऱ्याच्या लार्सन अँड टुब्रो कारखान्यात. बारडोलीच्या उसाला युरिया पुरविणाऱ्या त्याच हजिऱ्यात !

येथे विचारी माणसापुढे एक प्रश्न उभा राहतो. बारडोलीच्या शेतकऱ्यांनी आपला लढा उघड्यावर लढविला. सारा भरणार नाही, हे त्यांनी सरकारला आधी कळविले. जप्ती सोसली, पण हात उगारला नाही. त्याच जिल्ह्यात अशा नौकेची अंगे घडली, की जिचे सारे सामर्थ्य न दिसण्यात आणि जिची अस्त्रे अणूची. या दोहोंचा मेळ कसा घालावा? अण्वस्त्र प्रथम वापरावयाचे नाही, हे भारताने जाहीर केलेले धोरण आहे. ज्याने पहिला प्रहार करावयाचा नाही असे ठरविले, त्याला तो सोसूनही टिकून राहील असे काही जवळ ठेवावे लागते, आणि शत्रूला न सापडणारी पाणबुडी हे ते साधन आहे. हा युक्तिवाद पोकळ नाही. पण तो खरा राहतो तो दिलेला शब्द पाळला जाईल तोवरच.

शिवाय या सामर्थ्याची किंमत शांततेतही द्यावी लागते. १४ ऑगस्ट २०१३ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत ‘सिंधुरक्षक’ पाणबुडीवर स्फोट झाले आणि १८ नौसैनिक मरण पावले. तेव्हा युद्ध चालू नव्हते आणि समोर शत्रूही नव्हता.

पाणबुडीचा खलाशी आठवडेच्या आठवडे सूर्य पाहत नाही, आणि आपण कोठे आहोत हे घरच्यांनाही सांगू शकत नाही. त्याच्या कामगिरीची वार्ता छापून येत नाही. कारण त्याचे काम चोख झाले म्हणजे काहीच घडत नाही. जहाजे बंदराला लागतात, कारखाना चालतो, उसाला वेळेवर खत मिळते. अशा अदृश्य माणसांचे ऋण मानावे. आणि त्यांच्या हाती दिलेले अस्त्र कधीही सुटू नये, याची काळजी राज्यकर्त्यांनी आणि त्यांना निवडून देणाऱ्या नागरिकांनी वाहावी.