डॉक्टरांच्या दारातला रक्तदाब

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त पुरानी बस्ती येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून रक्तदाबावर बोलणे कित्येकांना अप्रस्तुत वाटेल. परंतु मंडळाच्या ज्येष्ठ सभासदांच्या औषधाच्या डब्यांत ही गोळी बहुधा सापडतेच. तेव्हा विषय घरचाच आहे. आम्ही वैद्य नाही. मात्र कोणताही आकडा कोणत्या परिस्थितीत नोंदला गेला, हे पाहिल्यावाचून त्याखाली सही करू नये, ही सवय केंद्र सरकारच्या नोकरीने आम्हांस लावली आहे. तीच दृष्टी येथे लावतो.

गावाकडून मुलाकडे राहावयास आलेल्या वृद्ध मातोश्री डोळ्यांपुढे आणा. पुरानी बस्तीच्या अरुंद गल्ल्यांतून, उन्हातून त्या दवाखान्यात येतात, जिना चढतात आणि लगेच दंडाला पट्टा बांधला जातो. डॉक्टर हिंदीत विचारतात, सूनबाई मराठीत समजावतात, मातोश्री पट्टा बांधलेल्या स्थितीतच उत्तरे देतात. नुसत्या बोलण्यानेही रक्तदाब वाढतो, मग परक्या भाषेच्या धास्तीची गोष्टच नको! यंत्र १७० दाखवते. घरी स्वस्थ बसल्यावर तोच १३० भरतो. आमच्या परिचयातील एका घरी अशाच आकड्यावरून गोळ्या वाढत गेल्या. पुढे पहाटे अंथरुणातून उठताना आजींना घेरी आली, त्या पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. त्यानंतर त्या काठीवाचून चालल्या नाहीत.

हा मनाचा खेळ नव्हे. इटलीत रिवा-रोच्ची यांनी १८९६ साली दंडाच्या पट्ट्याचे यंत्र प्रसिद्ध केले, आणि मोजण्याच्या क्रियेनेच दाब चढतो हे त्यांच्याही ध्यानात आले होते. १९८३ साली मिलानच्या मान्चिया यांनी रोहिणीत नळी ठेवून अखंड नोंद घेतली. डॉक्टर खाटेपाशी येताच पहिल्या चार मिनिटांत वरचा दाब सरासरी २७ आणि खालचा १५ अंकांनी चढला. दहा मिनिटांच्या सुमारास तो बराचसा ओसरला. परिचारिकेपुढे मात्र वाढ निम्मीच! शुभ्र कोटाच्या दर्शनाने शरीर सावध होते, नाडी जलद चालते, रक्तवाहिन्या आकसतात. म्हणून इंग्रजीत यास ‘व्हाइट कोट हायपरटेन्शन’ म्हणतात. आपल्या देशात डॉ. उपेंद्र कौल यांच्या नेतृत्वाखाली सुमारे १९ हजार व्यक्तींची पाहणी झाली. तीत सुमारे ४२ टक्के लोकांच्या बाबतीत दवाखान्यातील आणि घरच्या मोजणीचा मेळ बसला नाही, असे २०१९ साली जाहीर झाले.

यावरून कोणी हर्ष मानू नये. त्या ४२ टक्क्यांत उलट प्रकारचेही लोक आहेत: दवाखान्यात उत्तम आणि घरी, कचेरीत चढलेला. हा छुपा दाब अधिक घातक. शिवाय शुभ्र कोटापुढे ज्यांचा दाब चढतो, त्यांच्यापैकी अनेकांना पुढे कायमचा विकार जडतो. म्हणून त्यांनीही अधूनमधून मोजत राहिलेच पाहिजे.

उपाय साधा आहे. दंडाला बांधावयाचे यंत्र घ्यावे. चहा किंवा तंबाखूनंतर अर्धा तास जाऊ द्यावा, लघवीस जाऊन यावे आणि पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून स्वस्थ बसावे. दंड उघडा, हृदयाच्या उंचीवर असावा, बोलू नये. सकाळ-संध्याकाळ एका मिनिटाच्या अंतराने दोनदा, असे सात दिवस मोजावे. पहिला दिवस सोडून सरासरी काढावी. दवाखान्यात १४०/९० ही मर्यादा मानतात, घरी १३५/८५. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये. वही डॉक्टरांपुढे ठेवावी. वही पाहून रागावणारे डॉक्टर क्वचितच असतात.

मंडळाच्या वाचनालयात असे एक यंत्र ठेवावे, अशी सूचना आम्ही कार्यकारिणीस दिली आहे. पट्टे मात्र दोन मापांचे घ्यावेत. जाड दंडास लहान पट्टा बांधला तर तेथेही आकडा खोटाच चढेल, आणि मग त्याचे खापर डॉक्टरांच्या कोटावर फोडता येणार नाही.