हिव वाजते आणि हिव येते



चैत्राच्या उकाड्यात, त्वरितादेवीच्या डोंगराखाली बसून आम्ही हिवावर बोलणार, याचे काहींना हसू येईल. येऊ द्या. आम्ही काही पंडित नाही. कामगारांचे अर्ज लिहिता लिहिता शब्द शिकलो.

हिव म्हणजे संस्कृतातले हिम. दोन स्वरांमधला 'म' मराठीत येताना नाकात शिरला आणि त्याचा 'व' झाला. ग्रामाचे गाव झाले, नामाचे नाव झाले, तसे हिमाचे हिव. म्हातारी माणसे अजून 'हिंव' म्हणतात. हिमालय आणि आपला हिवाळा असे एका घरचे. बर्फ तिकडेच राहिला, तलवाड्याच्या वाट्याला नुसता गारठा आला.

अंगात कापरे भरून ताप चढतो, त्यालाही हिवच म्हणतात. सरकारी दवाखान्यातला 'हिवताप' तो हाच. त्याचे जंतू डासाच्या पोटात रोनाल्ड रॉसला १८९७ साली सिकंदराबादेत सापडले. आपला बीड जिल्हाही तेव्हा त्याच निजामी राज्यात होता.

एका शब्दाचे दोन अर्थ, मग ओळखायचे कसे? क्रियापदावरून. गारठ्याचे हिव वाजते, तापाचे हिव येते. भूक लागते, तहान लागते, थंडी मात्र वाजते. दातावर दात आपटणाऱ्यानेच हा प्रयोग पाडला असावा, असे आम्हाला वाटते.

ही व्याकरणाची चैन नव्हे. दिवाळीच्या सुमारास आपल्याकडच्या टोळ्या ऊसतोडीला जातात. ऐन हिवाळ्यात फडाजवळ कोपी, खाली ओली जमीन. नवराबायको मिळून एक कोयता. एक पडला की खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीत चढतात. एका फडावर एका बाईने निरोप धाडला, "हिव आलंय." मुकादम म्हणाला, "हिव कुणाला वाजत नाही?" आणि खाडा मांडला. तो आपल्याच भागातला, दोन्ही अर्थ त्याला लहानपणापासून ठाऊक. पण आलेले हिव वाजते केले, की आजारी माणूस आळशी ठरतो.

आम्ही तिला बैलगाडीतून दवाखान्यात नेले. रक्तात हिवताप निघाला. चिठ्ठी घेऊन मुकादमापुढे बसलो. माणूस वाईट नव्हता, त्याच्याही डोक्यावर कारखान्याची उचल होती. तीन खाडे त्याने खोडले. चौथ्या दिवशी ती कोपीबाहेर उभी दिसली होती, म्हणून तेवढा ठेवला. त्या एका खाड्यासाठी पट्टा पडेपर्यंत आम्ही भांडत होतो.