ऐकीव ते खरे कशावरून?

(संस्थेच्या विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेले भाषण)



मोबाईलवर आणि इंटरनेटवर येणाऱ्या माहितीची पारख मुलांना कशी शिकवावी, हा विषय आज आम्हांला दिला आहे. विषय मुलांचा असला तरी सुरुवात आम्हां मोठ्यांच्या चुकीपासून करणे प्रामाणिकपणाचे होईल.

गेल्या जयंतीच्या आधी आमच्या ग्रुपवर बाबासाहेबांचे म्हणून एक वचन आले. वाक्य जोरदार होते. खाली बाबासाहेबांचा फोटो होता, सहीसुद्धा होती. आम्ही ते दहा फुटी फलकावर छापून विहारासमोर लावले. दुसऱ्या दिवशी अभ्यासवर्गातील दहावीची एक मुलगी आली आणि म्हणाली, "काका, हे कोणत्या खंडात आहे? मला निबंधात घ्यायचं आहे." आम्ही मोठ्या ऐटीत सांगितले, "शोधून देतो." विहाराच्या कपाटातील खंड काढले, सूची चाळली, जाणकारांना विचारले. चार रविवार गेले. वाक्य सापडले नाही. जयंती होऊन महिना झाला तेव्हा आम्ही तो फलक उतरविला. सगळे खंड आम्ही अक्षरन्‌अक्षर वाचले आहेत असा आमचा दावा नाही. परंतु ज्या वाक्याचा खंड आणि पान सांगता येत नाही, ते बाबासाहेबांच्या नावावर लावण्याचा अधिकार आम्हांला नव्हता. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून, वसंत मून यांच्या संपादनाखाली सुरुवात करून, बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे खंडाखंडाने प्रसिद्ध केली. ते खंड आज इंटरनेटवरही वाचता येतात. म्हणजे साधन आपल्या हाताशी होते. आळस आमचा होता.

बंधू-भगिनींनो, हा प्रश्न मोबाईलने निर्माण केलेला नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा बाबासाहेबांचा ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. त्या ग्रंथात बाबासाहेबांनी बुद्धवचनांच्या विपर्यासाचा स्वतंत्र विचार केला आहे. उपदेश लिहून ठेवण्याची सोय नव्हती, भाणक तो पाठ करून ठेवीत, आणि खुद्द तथागतांच्या हयातीतही त्यांनी न सांगितलेल्या गोष्टी त्यांच्या नावावर खपत, हे बाबासाहेब दाखवून देतात. त्यांनी दिलेल्या उदाहरणांत जीवक सुत्ताचाही उल्लेख आहे. गौतमासाठी प्राणी मारले जातात आणि ते माहीत असूनही तो मांस खातो, असे लोक बोलत. वैद्य जीवकाच्या कानावर ते आले. त्याने काय केले? ते चार ठिकाणी सांगत फिरला नाही. तो थेट तथागतांकडे गेला आणि असे बोलणारे खरे बोलतात की आपल्यावर आळ घेतात, असे त्याने विचारले. ज्याच्याविषयी बातमी आहे त्याच्याकडे किंवा त्याच्या मूळ शब्दांकडे जाणे, ही पहिली पायरी.

दुसरी पायरी महापरिनिब्बाण सुत्तात आहे. तिला चार महापदेस म्हणतात. कोणी भिक्खू येऊन म्हणेल की मी हे तथागतांच्या तोंडून ऐकले. कोणी म्हणेल अमुक ठिकाणच्या संघाकडून ऐकले, पुष्कळ थेरांकडून ऐकले, किंवा एका विद्वान थेराकडून ऐकले. अशा वेळी त्याची वाहवा करू नये आणि त्याला झिडकारूही नये. ते शब्द नीट समजून घ्यावेत, सुत्ताशी आणि विनयाशी लावून पाहावेत. जुळले तर घ्यावेत, न जुळले तर सोडावेत. आजचे संदेश असेच येतात. "मोठ्या डॉक्टरांनी सांगितले", "कलेक्टर कचेरीतून आले", "सगळ्या ग्रुपवर आहे". सांगणारा मोठा आहे किंवा सांगणारे पुष्कळ आहेत, एवढ्यावरून गोष्ट खरी ठरत नाही.

आमची नोकरी बँकेतली. चेक आला की आम्ही ग्राहकाच्या अंगावरचे कपडे पाहत नाही. तारीख, अक्षरी व अंकी रक्कम आणि सही पाहतो. सही नमुन्याच्या सहीशी लावून पाहतो. जुळली नाही तर ग्राहक ओळखीचा असला तरी चेक परत जातो. त्यात त्याचा अपमान नसतो. मुलांना हेच सांगावे की, मामाने पाठविलेला संदेश तपासणे म्हणजे मामावर अविश्वास दाखविणे नव्हे.

कालाम सुत्त आपण सर्वजण अभिमानाने सांगतो. परंतु त्याची एक गंमत आहे. त्याच सुत्ताचा म्हणून एक मजकूर बुद्धाच्या चित्रासह सर्वत्र फिरतो, आणि त्याचा सारांश असा असतो की आपल्या बुद्धीला पटेल तेवढेच खरे माना. मूळ सुत्त इतके सोपे नाही. केसपुत्त गावच्या कालामांकडे निरनिराळे श्रमण-ब्राह्मण येत, आपले मत थोर आणि दुसऱ्याचे हीन असे सांगून जात. कालाम गोंधळून गेले. तेव्हा तथागतांनी जे आधार अपुरे म्हणून सांगितले त्यांत ऐकीव गोष्ट, परंपरा आणि ग्रंथ आहेत, तसाच नुसता तर्क आहे, आपल्या मताशी जुळणे आहे, आणि 'हे आमचे गुरू आहेत' हेही आहे. म्हणजे "मला पटले" हाही पुरेसा पुरावा नव्हे! पुढे त्यांनी कालामांना लोभ, द्वेष आणि मोह यांविषयी विचारले. मनात हे उत्पन्न झाले तर माणसाचे हित होते की अहित? कालाम म्हणाले, अहित.

मित्रांनो, आमच्या मते आजच्या विद्यार्थ्याने पारखीची सुरुवात येथूनच करावी. संदेश वाचताक्षणी मनात काय उठले? लोभ, द्वेष की मोह? यांतले काही उठले असेल तर बोट तेथेच थांबले पाहिजे.

लोभाचे उदाहरण आमच्याच वस्तीतले आहे. बारावी झालेल्या एका मुलीला शिष्यवृत्तीची लिंक आली. रक्कम मोठी, अर्ज दोन मिनिटांचा, आणि शेवटी 'नोंदणी फी' ४९९ रुपये. तिने आधार क्रमांक, खाते क्रमांक, सगळे भरले. पैसे गेलेच. पण खरे नुकसान पुढे कळले. आपला अर्ज झाला आहे अशा समजुतीत ती राहिली आणि खऱ्या अर्जाची मुदत टळून गेली. वडील हमाली करतात. त्या वर्षाची फी त्यांनी उसनवारीने भरली. ती मुलगी हुशार होती, आजही आहे. तिला कोणी पत्ता वाचायला शिकविले नव्हते, एवढेच.

तो असा वाचावा. महाराष्ट्र शासनाच्या शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर भरले जातात. 'महाडीबीटी' हे नाव कोणीही आपल्या पत्त्यात कोठेही घुसडू शकतो. म्हणून नाव पाहून भुलू नये. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडून त्यापुढची पहिली तिरकी रेघ जेथे येते, तिच्या लगेच आधी काय आहे ते पाहावे. महाडीबीटीचा खरा पत्ता तेथे 'डॉट जीओव्ही डॉट इन' असा संपतो. शंका आली तर कॉलेजच्या कार्यालयात किंवा समाजकल्याण कार्यालयात जाऊन विचारावे. फसगत झालीच तर लाजेने गप्प न बसता ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे आणि बँकेलाही सांगावे. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे कठीण.

द्वेषाचे आणि भयाचे उदाहरण सांगताना शब्द जड होतात. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातल्या राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी आठवडी बाजारात पाच माणसांना जमावाने ठेचून मारले. ती नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाची, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडची गरीब माणसे होती. भिक्षा मागून पोट भरणारी. मुले पळविणारी टोळी फिरते आहे, असे संदेश त्या दिवसांत मोबाईलवरून फिरत होते. तेवढ्यावर पाच जीव गेले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल असे जाहीर केले. यंत्राला मर्यादा घालता येते, परंतु माणसाच्या मनातील संशयाला घालता येत नाही. आणि तो संशय कोणावर गेला पाहा. गाव नसलेल्यावर, घर नसलेल्यावर, ज्याची बाजू घेणारा बाजारात कोणी नाही अशावर. अफवा नेहमी दुबळ्याच्या दारात जाते, हे आपल्या समाजाला कोणी सांगायला नको. म्हणून "सावध राहा, सर्वांना पाठवा" असा संदेश आला की आपल्या मुलाने आधी विचारावे : कोणत्या गावी? कोणत्या तारखेला? पोलीस ठाण्यात नोंद आहे का? उत्तर नसेल तर तो संदेश त्याच्याच मोबाईलवर मेला पाहिजे.

आणि मोहाचे उदाहरण म्हणजे आमचा तो फलक. लोभाचा आणि द्वेषाचा संदेश निदान ओळखता येतो. मोहाचा ओळखता येत नाही, कारण तो आपल्या श्रद्धेचा वेष घालून येतो. शत्रूच्या विरोधातला आणि आपल्या थोरपणाचा संदेश आपण सर्वांत कमी तपासतो. मुलांना पारख शिकवायची तर आपल्या आवडत्या संदेशावरच शिकवावी.

आता वर्गात काय करावे ते सांगतो. अभ्यासवर्गात आम्ही मुलांना माणगाव परिषदेवर पाच ओळी लिहायला सांगितल्या. एका मुलाने लिहिले की परिषद रायगड जिल्ह्यातील माणगावला झाली. त्याचा दोष नव्हता. नाव टाकल्यावर त्याला ते माणगाव दिसले, आणि चवदार तळ्याचे महाड त्याच जिल्ह्यात असल्याने त्याला ते पटलेही! आम्ही त्याला चूक म्हणालो नाही. "आणखी दोन ठिकाणी बघ," एवढेच म्हणालो. तेव्हा त्याला कळले की राजर्षी शाहू महाराज जेथे आले आणि बाबासाहेब हे तुमचे पुढारी असे म्हणाले, ती २१ व २२ मार्च १९२० ची परिषद आपल्या हातकणंगले तालुक्यातल्या माणगावला झाली. एस.टी.ने जाऊन पाहता येईल इतके ते जवळ आहे. चूक स्वतः सापडली की ती जन्मभर लक्षात राहते.

"आणखी दोन ठिकाणी बघ" हे आमचे शहाणपण नव्हे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग व सारा मॅकग्रू यांनी इतिहासाचे प्राध्यापक, विद्यापीठातील विद्यार्थी आणि बातम्यांची सत्यता तपासणारे व्यावसायिक यांना संकेतस्थळे तपासायला दिली. पुष्कळ प्राध्यापक आणि विद्यार्थी त्याच पानावर वरून खाली वाचत राहिले आणि सुबक मांडणीला फसले. तपासनीस मात्र ते पान सोडून लगेच बाहेर पडले आणि हे पान कोणाचे, त्याच्याविषयी इतर काय म्हणतात, हे त्यांनी आधी पाहिले. आपल्याकडेही केरळमधील कन्नूर जिल्ह्यात २०१८ साली सरकारी शाळांतून खोट्या बातम्या ओळखण्याचे पाठ दिले गेले. ते कन्नूरला जमले, तर कोल्हापूरला का जमू नये?

फोटोविषयीही सांगतो. २०२१ च्या महापुरात आमच्याकडे आलेल्या फोटोंपैकी काही २०१९ च्या पुराचे होते. फोटो खरा, पाणी खरे, वर्ष खोटे. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेने न घडलेल्या प्रसंगाचा फोटो आणि न बोललेल्या माणसाचा आवाजही तयार होतो. प्रश्नांची उत्तरे देणारी यंत्रेही आली आहेत. ती मुलांना मदत करतात, पण चुकीचे उत्तरही त्याच ठाम सुरात देतात, प्रसंगी खंड व पान क्रमांकही बनवून देतात. म्हणून खंड उघडून ते पान डोळ्यांनी पाहिल्याशिवाय वहीत उतरवू नये.

पालकांना एकच विनंती. मुलाने जेवताना "बाबा, हे खोटं आहे" असे म्हटले तर त्याला गप्प करू नका. ज्या घरात प्रश्न विचारणारे मूल उद्धट ठरते, त्या घरात कालाम सुत्ताची तसबीर लावून उपयोग नाही. आणि आपण चुकीचे पाठविले असेल तर जेथे पाठविले तेथेच "ते चुकीचे होते" असे लिहा. गुपचूप पुसून टाकू नका. मुले आपले भाषण विसरतील, ती ओळ विसरणार नाहीत.

संस्थेच्या वतीने आम्ही ठरविले आहे की यापुढे खंड व पान यांची नोंद असल्याखेरीज बाबासाहेबांचे एकही वचन फलकावर किंवा स्मरणिकेत छापले जाणार नाही. तपासण्याचे काम आम्ही त्या प्रश्न विचारणाऱ्या मुलीकडे आणि तिच्या मैत्रिणींकडे सोपविले आहे. विहारातल्या कपाटाची किल्ली आता त्यांच्याकडे असते. परवा आमच्याच हातचा एक मजकूर तिने परत केला. वर पेन्सिलीने लिहिले होते, "पान सापडत नाही." आम्हांला वाईट वाटले नाही. उलट, फलक उतरविताना जी मान खाली गेली होती, ती थोडी वर आली.

 आम्ही आज जे सांगितले, तेही तपासूनच घ्यावे.

जयभीम! नमो बुद्धाय!