पोक्तांच्या सभेत कुमारवय
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)

अध्यक्षमहाशय, ज्ञातिबंधू-भगिनींनो, आणि आमचे भाषण कधी संपते याची वाट पाहणाऱ्या कुमार मित्रांनो,

चौतीस वर्षे आम्ही सहावी-सातवीच्या वर्गांपुढे उभे होतो. मिसरूड फुटू लागलेले मूल घरी असते तोवर फारसे बिघडत नाही; परंतु लग्नाची याद, श्राद्धाची पंगत वा ज्ञातीची सभा अशा जागी ते आले की वडीलधाऱ्यांच्या गांभीर्यास तडा जातो. 'बरं' हा एकच शब्द ही मुले अशा सुरात उच्चारतात की त्यात होकार, नकार आणि आपली कीव, तिन्ही मावतात.

हे आजचे नव्हे. तेर गावी गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली असता मुक्ताबाईने थापटणे पाहून 'हे काय?' असे विचारले, अशी कथा परंपरेने सांगतात. मडके कच्चे की पक्के ते याने कळते, असे काकांनी म्हणताच, मग ही जमलेली मडकीही पाहा, असे तिने सुचविले! काका एकेकाचे मस्तक ठोकीत चालले. सारे निमूट बसले. वयाने तिच्याहून वडील असलेले नामदेव तेवढे रागावले, आणि तेच कच्चे ठरले. पुढे त्यांनी विसोबा खेचरांना गुरू केले, ते या थट्टेपायी.

गतवर्षी आमच्या मस्तकावर असेच थापटणे पडले. दहावीत प्रथम येणाऱ्या मुलास १००० रुपये व मुलीस ५००, हा नियम पूर्वी आम्हीच मांडलेला. एका कन्येने पाकीट उघडून ध्वनिक्षेपकाजवळच विचारले, "काका, माझे गुण त्याच्याहून अकराने जास्त आहेत. उरलेले पाचशे लग्नात देणार का?" अध्यक्षांनी आमच्याकडे पाहिले, आम्ही छताकडे पाहिले. मग सवयीने म्हणालो, "उद्धटपणा पुरे." ती म्हणाली, "बरं."

त्या रात्री झोप आली नाही. सातवीत पहिल्या येऊनही, हायस्कूल परगावी म्हणून घरी बसविलेल्या आमच्या विद्यार्थिनी आठवल्या. त्यांच्या वडिलांना आम्ही एक शब्दही बोललो नव्हतो.

दोन्ही पारितोषिके समान करण्याचा ठराव आज कार्यक्रमपत्रिकेत सातवा आहे. सूचक आम्ही, अनुमोदक अद्याप मिळालेला नाही. ती कन्या तयार आहे. परंतु देशाने १९८९ साली मतदानाचे वय २१ वरून १८ केले तरी आमच्या मंडळाची घटना २१ वरच बसून आहे, आणि ही तर अवघी सतरा वर्षांची! तूर्त ती तिसऱ्या रांगेतून घड्याळाकडे पाहत आहे. सबब आम्ही थांबतो.