पावलांची मूक व्यथा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त राइट टाउन येथे दिलेले व्याख्यान)



अशा मंगलप्रसंगी व्याधीविषयी बोलणे काहीसे विसंगत वाटेल. परंतु मधुमेहाचा शिरकाव झाला नाही असे घर आपल्यात क्वचितच सापडेल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीने देशातील मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी सांगितली आहे.

काही वर्षांपूर्वी वैशाखात माझे काका ग्वारीघाटावर स्नानास गेले. परतताना तापलेल्या फरशीवरून अनवाणी चालले. घरी आल्यावर काकूंना ओसरीवर ओल्या पावलांचे ठसे दिसले. ते पाण्याचे नव्हते. तळव्यांना आलेले फोड फुटले होते आणि काकांना त्याची वार्ताही नव्हती. "माईची कृपा, मला काही झाले नाही," असे ते हसून म्हणाले. पुढे जखम चिघळली आणि दोन बोटे गमवावी लागली.

हे घडते कसे? रक्तातील वाढलेली साखर मज्जातंतूंना आणि त्यांचे पोषण करणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा करते. त्या इजेला शरीराच्या रक्षक पेशी प्रत्युत्तर देतात. त्यालाच दाह म्हणतात. एरवी जखम भरली की हा अग्नी शमतो. मधुमेहात मात्र तो राखेखालच्या निखाऱ्यासारखा धुमसत राहतो आणि तंतूंच्या हानीला हातभार लावतो. सर्वांत लांब तंतू पायांच्या बोटांपर्यंत जातात, म्हणून प्रारंभ तेथूनच होतो. प्रथम मुंग्या, रात्रीची आग, मग बधिरता. आग थांबली म्हणजे व्याधी बरी झाली असे समजू नये. कदाचित पहारेकरीच झोपी गेला असेल. चरकाचार्यांनीही प्रमेहाच्या पूर्वरूपांत हातापायांची बधिरता आणि दाह यांची नोंद केली आहे.

आपण अंगाने सडपातळ आहोत, या भरवशावर कोणी राहू नये. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःची आणि आपल्या इंग्रज सहकाऱ्याची तुलना मांडली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. पण इंग्रजाच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! पोटातील अशी चरबी दाहक द्रव्ये स्रवत असते.

वेदना नसणे किती घातक, हे डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोर येथे कुष्ठरुग्णांची सेवा करताना ओळखले. बोटे झडतात ती आपोआप कुजून नव्हे, तर न जाणवलेल्या इजांमुळे. हेच ज्ञान पुढे त्यांनी अमेरिकेत मधुमेहींच्या पायांसाठी उपयोगात आणले.

उपाय काय? १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या, १४४१ रुग्णांवरील अमेरिकी-कॅनडियन अभ्यासात, इन्सुलिनवर अवलंबून असलेल्या मधुमेहींनी साखर काटेकोर आवरली तेव्हा मज्जातंतूंच्या विकाराचे प्रमाण सुमारे ६० टक्क्यांनी घटले. प्रौढपणी जडणाऱ्या मधुमेहात हा लाभ त्या मानाने कमी. म्हणून तेथे वजन, रक्तदाब, व्यायाम आणि तंबाखूचा त्याग यांकडेही लक्ष हवे. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांनी, विशेषतः शाकाहारी मंडळींनी, ब-१२ जीवनसत्त्व तपासून घ्यावे. त्याच्या अभावानेही पाय बधिर होतात. दाह शमविण्यासाठी वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत. त्या मूत्रपिंडास अपाय करू शकतात. आणि एखादे पाऊल न दुखताच लाल, गरम होऊन सुजले, तर त्यावर भार न देता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. आत हाडे ढासळू लागलेली असू शकतात.

सायंकाळी देवापुढे दिवा लावल्यावर दोन मिनिटे आपले तळवे पाहावेत. वाकवत नसेल तर आरसा ठेवावा, किंवा घरच्यांनी पाहावे. स्नानाचे पाणी पायाने नव्हे, कोपराने अजमावावे. चपला घालण्यापूर्वी आत हात फिरवावा. वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पायांची संवेदना तपासून घ्यावी.

काका आजही ग्वारीघाटावर जातात. पण ऊन चढण्यापूर्वी, आणि शेवटच्या पायरीपर्यंत पादत्राणे घालून. घरी परतले की काकू चष्मा लावून त्यांचे तळवे न्याहाळतात. प्रथम काकांना संकोच वाटे. आता ते स्वतःच पाय पुढे करतात. माई रागावलेली नाही.