कुणाचं देणं असेल तर...

आमच्याकडे जनाज्याच्या नमाजेआधी घरातला कर्ता माणूस पुढे येऊन सांगतो, ‘मरहूमकडे कुणाचं काही देणं असेल तर मला सांगा, नाहीतर माफ करा.’ अब्बांच्या वेळी हे वाक्य मी बोललो. तिसऱ्या दिवशी गल्लीतला किराणा दुकानदार वही घेऊन दारात उभा राहिला. दोनशे ऐंशी रुपये. वहीत सगळं होतं. तारीख, माल आणि खाली अब्बांची वळणदार सही. मी पैसे दिले. त्यानं नावावर काट मारली आणि मग ओट्यावर बसून अब्बांच्या आठवणी काढत रडला.

कर्ज हा शब्दच मुळी अरबीतून मराठीत आला. शरियतप्रमाणे मयताच्या मालमत्तेतून आधी देणी फेडायची, उरेल ते वारसांचं. मालमत्ता पुरली नाही तर मुलाच्या खिशाला हात लावता येत नाही. हिंदू कायद्यात बापाचं कर्ज फेडणं हे मुलाचं धर्मकर्तव्य मानलं जाई. 2005 च्या दुरुस्तीनं यापुढच्या कर्जांपुरतं तेही गेलं. म्हणजे बाप आता मुलाला नुसत्या नात्यानं कर्जात बांधू शकत नाही. सरकार बांधू शकतं.

मी बी.ए. झालेला माणूस, तोही मराठी घेऊन. तरी भागाकार येतो. महाराष्ट्राच्या 2025-26 च्या अर्थसंकल्पात राज्यावरच्या कर्जाचा अंदाज 9 लाख 32 हजार कोटींचा होता. 2011 च्या जनगणनेची सव्वाअकरा कोटी माणसं धरली तर माणशी सुमारे 83 हजार. केंद्राचं वेगळंच. तिथे त्याच वर्षी खर्चाच्या प्रत्येक रुपयातले वीस पैसे नुसत्या व्याजाला ठेवले होते.

कर्ज वाईटच, असं मी म्हणणार नाही. विहिरीसाठी काढलेलं कर्ज नातवालाही पाणी पाजतं. कृष्णेच्या वाट्याचं पाणी 2000 सालाच्या आत अडवायचं म्हणून 1996 मध्ये महामंडळ निघालं, सरकारच्या हमीवर लोकांकडून कर्जरोख्यांनी पैसा उभा केला. हेतू चांगलाच होता. पण कामं एकदम अनेक काढली, बरीच अर्धवट लोंबकळली, व्याज मात्र वेळेवर धावत राहिलं. व्याजाला दुष्काळ ठाऊक नसतो. आणि आता तर रोजचा खर्चच उत्पन्नाबाहेर गेला आहे. त्याच 2025-26 मध्ये महसुली तूट 45 हजार 891 कोटी धरली होती. हे विहिरीचं कर्ज नव्हे, चुलीचं आहे.

जबाबदार कोण? एका पक्षाचं नाव घेऊन मोकळं होता येत नाही. 2004 च्या निवडणुकीआधी शेतीची वीज फुकट झाली, निवडणूक होऊन गेली आणि 2005 मध्ये ती सवलत मागे घेतली गेली. 2024 मध्ये सत्ताधाऱ्यांनी बहिणींना पंधराशेचे एकवीसशे करू म्हटलं, तर विरोधकांनी तीन हजार. लिलावच! घटनेच्या 292 व्या कलमानं केंद्राच्या कर्जाला कायद्यानं मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेला दिला आहे. 2003 मध्ये वित्तीय शिस्तीचा कायदा झाला. 2018 च्या दुरुस्तीत केंद्राचं कर्ज देशाच्या उत्पन्नाच्या चाळीस टक्क्यांपर्यंत आणायचं ठरलं, मुदत 2024-25. मुदत आली तेव्हा ते पंचावन्न टक्क्यांच्या वर होतं. मध्ये करोना येऊन गेला, हे खरं. पण कुणी पुढे येऊन ‘हे देणं माझ्या काळातलं, मला विचारा’ असं म्हटल्याचं मी तरी ऐकलं नाही.

माझी मोठी बहीण एकसष्ट वर्षांची, विधवा. तिला महिन्याला पंधराशे येतात, त्यातून तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या येतात. मागच्या ईदला मी हा हिशेब तिच्यापुढे मांडला. आपा ऐकत राहिली. मग म्हणाली, ‘गोळ्या तू आणून देशील का?’ मी म्हटलं, देईन. ‘आणि शेजारणीच्या?’

तिची नात चार महिन्यांची आहे. तिथेच पाळण्यात झोपली होती. तिच्या वाट्याचे 83 हजार मी मोठ्यानं उच्चारले नाहीत.